मागे घेतलेलं गाणं

सणसरच्या शाळेत मी बावन्न सालच्या जूनमध्ये रुजू झालो आणि पहिल्याच रविवारी बिरोबाच्या देवळापुढं म्हस्कूतात्याला ऐकलं. पन्नाशी ओलांडलेला उंच, काटकुळा माणूस, डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी. ढोलाच्या ठेक्यावर त्यानं सुंबरान मांडलं, म्हणजे देवाला हाक घालून ओवीला सुरुवात केली, आणि पुढं तीन तास तो थांबला नाही. त्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं. सगळं डोक्यात. बापाकडून आलेलं होतंच, त्यात तो स्वतःचंही घालायचा, आणि जोड कुठं आहे ते कुणाला कळायचं नाही.

त्याच्या बापाच्या वेळी घरात दोनशे मेंढरं होती. कालव्याचं पाणी आलं, माळ मोडून ऊस उभा राहिला, चरायला जागा उरली नाही. म्हस्कूतात्यानं मेंढरं विकून टाकली आणि दोन एकरांत वांगी-मिरची लावली. शेतात तो चारचौघांसारखाच होता. गाण्यात मात्र त्याचा शब्द म्हणजे शब्द. गावात काही घडलं की लोक विचारायचे, "म्हस्कूला कळलं का?" त्यानं गाण्यात घातलं म्हणजे ते खरं.

तसंच सारजाचं गाणं खरं झालं होतं.

सारजा ही सणसरच्या ठमाबाईची लेक, पणदऱ्याला जोतीरामला दिलेली. देखणी म्हणून बारामती-इंदापूर दोन्ही तालुक्यांत नाव. मी येण्याच्या आदल्या वर्षी ती नांदतं घर सोडून माहेरी आली. पुढच्या जत्रेत तिचे भाऊ आणि जोतीरामची माणसं समोरासमोर आली, काठ्या चालल्या, दोघांची डोकी फुटली. का फुटली? म्हस्कूतात्यानं सांगितलं, गाण्यातून. कालव्याचं पाणी सोडणारा संभाजी पाटकरी आणि सारजा यांचं होतं म्हणून. काटेवाडीजवळ त्याच्या गाडीत ती बसलेली कुणीतरी पाहिली होती. तेवढं त्याला पुरलं.

"पाटाच्या कडंनं निघाली सारजा, पाटकरी संगं गं..." अशी त्याची चाल होती. जिभेला चिकटणारी. ऊस तोडणारे ते म्हणायचे, मोटेवरचा माणूस म्हणायचा, बारामतीच्या बाजारात हमालसुद्धा म्हणायचे. संभाजीनं बदली मागून घेतली. सारजा बाजारात भाजी घेऊन बसली की येणारा-जाणारा नुसती चाल गुणगुणायचा, शब्दांची गरजच नव्हती. ती खाली मान घालून मेथीच्या जुड्या बांधत राहायची.

मीही फळा पुसताना ते गुणगुणलेलं आहे. हे आधीच सांगितलेलं बरं.

चोपन्नच्या पावसाळ्यानंतर एके दिवशी शाळा सुटल्यावर म्हस्कूतात्याची बायको धोंडाबाई दारात येऊन उभी राहिली. पदर दातात धरलेला.

"गुरुजी, ह्यास्नी दिसंना झालंय. आन सांगत न्हाईत. काल मिरच्या तोडायला गेलं आन पाटीत निस्ता पाला घिऊन आलं."

मी तिच्याबरोबर गेलो. म्हस्कूतात्या ओट्यावर बसला होता. माझा आवाज ऐकून त्यानं मान फिरवली, पण नजर माझ्या खांद्याच्या बाजूनं निघून गेली.

"धुकं हाय, गुरुजी," तो म्हणाला. "दुपारचं बी धुकं. डाव्या डोळ्याला तर भित्ताडच झालंय. रोज सकाळी उठून देवळाचा झेंडा बघतो. परवा दिसला. काल वाटलं दिसला. आज झेंडाच न्हाय."

त्याचे हात गुडघ्यावर होते आणि बोटं सारखी चालत होती. मी मोतीबिंदूचं बोललो. वयानं होतो, पुण्या-मिरजेकडं काढतात, असं समजावलं. तो ऐकत होता, पण त्याचं मन तिथं नव्हतं. त्याला जरा दुसरीकडं न्यावं म्हणून मी एक गोष्ट काढली. आता वाटतं, ती काढली नसती तर.

पुण्याला मी वर्षभर कॉलेजात होतो. पुढं घरच्या अडचणीनं सुटलं. त्या वर्षातलं एक इंग्रजी पुस्तक माझ्यापाशी उरलं होतं, जुन्या ग्रीक कवींवरचं. त्यातल्या एका कवीचं मी त्याला सांगितलं. अडीच हजार वर्षांपूर्वीचा माणूस. लांबलचक गाणी रचायचा, पोरापोरींचा मेळा उभा करून त्यांच्याकडून गाऊन घ्यायचा. इतका त्यात मुरलेला की मूळ नाव मागं पडलं आणि मेळे उभे करणारा याच अर्थाच्या नावानं लोक त्याला ओळखायला लागले. त्यांच्याकडं एक देखणी राणी होऊन गेली होती. तिच्यापायी मोठी लढाई झाली, अशी कथा. या कवीनं तिच्यावर गाणं केलं, तिला नाही नाही ते बोलला. आणि म्हणतात, त्याची दृष्टी गेली.

म्हस्कूतात्याची बोटं थांबली.

"मग?"

"मग त्यानं दुसरं गाणं केलं. आपण आधी गायलो ते खोटं, असं त्यात कबूल केलं. आणि त्याला पुन्हा दिसायला लागलं. कथा आहे, तात्या."

धोंडाबाईनं चहा आणला, त्यानं तो घेतला नाही. मी उठलो तेव्हाही तो तसाच बसून होता.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी तो काठी टेकत माझ्या खोलीशी आला. रात्रभर झोप नसावी.

"त्या राणीचं काय खोटं व्हतं, ठावं हाय का तुमास्नी?"

"ती स्वतः घर सोडून पळून गेली असं पहिल्या गाण्यात. दुसऱ्यात म्हणे, ती गेलीच नव्हती."

तो काठी बाजूला ठेवून खाली बसला. "गुरुजी, मी बघितलं न्हवतं. काटेवाडीचा एक जण म्हनला, गाडीत बसली व्हती. यवढंच. बाकीचं मी घातलं. चाल चांगली बसली म्हनून घातलं."

मी परोपरीनं सांगितलं की डोळ्यांचा आणि गाण्याचा संबंध नाही. माझ्या वडिलांनाही मोतीबिंदू झाला, ते तर आयुष्यात कधी गायले नाहीत. पण माझीच गोष्ट आता माझं ऐकत नव्हती.

"त्येची गानी अजून हाईत?" त्यानं विचारलं.

"थोडी. तुकडे-तुकडे. बरीचशी हरवली."

"त्ये खोटं गानं?"

"ते हरवलं. दुसऱ्यातल्या तीन ओळी तेवढ्या राहिल्यात."

"म्हंजी खरं ऱ्हातंय," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा किंचित सैल झाला. मला बरं वाटलं. पण ते थोडाच वेळ.

पुढचे आठ-दहा दिवस तो नवं गाणं रचत होता. धोंडाबाई सांगायची, जेवताना घास हातात तसाच राहतो, पुटपुटत असतात. आणि दर सकाळी दारात उभं राहून तिला विचारायचा, "झेंडा वर हाय का? हाय ना?" तिनं हो म्हटलं की डोळे चोळून पुन्हा बघायचा.

रविवारी देवळापुढं त्यानं नवं गाणं म्हटलं. सारजा चांगली, सारजा सीतेसारखी, माझी जीभ झडो, असं बरंच. लोकांनी ऐकून घेतलं. ढोल वाजवणारा महिपती ठेका चुकत होता, कारण गाण्याला ठेकाच नव्हता. अर्ध्यात एकजण ओरडला, "तात्या, ते ऱ्हाऊ द्या. पाटकऱ्याचं म्हना!" आणि दहा-बारा गळ्यांनी एकदम जुनी चाल धरली. म्हस्कूतात्या उभा होता. त्याला कुणाचं तोंड दिसत नव्हतं, नुसतं आपलंच गाणं चारी बाजूंनी अंगावर येत होतं. त्यानं कानांवर हात ठेवले. लोकांना वाटलं, तो सूर लावतोय.

त्या दिवशी मी त्याला घरी सोडलं. वाटेत तो म्हणाला, "मला तिच्याकडं न्या."

सारजाचं रान फाट्याच्या अलीकडं होतं. ती टोमॅटोला पाणी देत होती, पाय गाळात, हातात खोरं. ठमाबाई बांधावर बसली होती. म्हस्कूतात्याला पाहून म्हातारी उठली आणि झाडाआड निघून गेली.

"कोन हाय त्ये, ठावं हाय," सारजा म्हणाली. "काय पायजे?"

"पोरी, मी चुकलो."

"तीन वर्सं झाली."

"खरं काय झालं त्ये सांग. मी त्येच गानार."

सारजानं खोरं टेकवलं. ती मोठ्यानं बोलली नाही. "जोतीरामनं मला मारलं. पोटात व्हतं माज्या. मग ते ऱ्हायलं न्हाय. चौथ्या दिवशी मी निघाले, पाटाच्या कडंनं. पनदऱ्यापासनं काटेवाडीपत्तोर चालले. तितं बसले तर उठाया येईना. संभाजीदादानं पानी दिलं, गाडीत घातलं, आईच्या दारात सोडलं. परत जाताना माज्या आईच्या पाया पडला. झालं तुमचं गानं?"



"आन ह्ये कुटं गायचं न्हाय," ती पुढं म्हणाली. "माजं पोट गेल्यालं बाजारात वाजवू नका. मला गान्यात घालूच नका. वाईट न्हाय आन चांगलं बी न्हाय."

"बरं."

"एक इचारू? डोळं गेलं नसतं तर आला असता का?"

पाणी दुसऱ्या वाफ्यात शिरून बांध फोडायला लागलं होतं, पण ती तिकडं बघत नव्हती. मी मनात म्हणत होतो, तात्या, काहीतरी बोल, आलो असतो म्हण.

"न्हाय," म्हस्कूतात्या म्हणाला. "डोळ्यापायीच आलो."

सारजानं खोरं उचललं आणि बांध लावायला गेली.

तिथून पुढं त्यानं गाणं सोडलं. कायमचं. पण दर आठवड्याला धोंडाबाईचा हात धरून तो बारामतीच्या बाजाराला जायला लागला, कधी इंदापूरलाही. कुणी ते गाणं म्हणताना ऐकलं की त्या दिशेला जायचा आणि साध्या बोलण्यात सांगायचा, "त्ये मी केल्यालं हाय. त्ये खोटं हाय. पाटकऱ्यानं तिला निस्तं घरी पोचवलं." बहुतेक जण हसायचे. कुणी म्हणायचं, ठमाबाईनं म्हाताऱ्याला काहीतरी खायला घातलंय. कुणी ऐकून गप्प बसायचं. एकदा इंदापुरात एका गाडीवानानं त्याला ढकललं, तो भुसार दुकानाच्या पायरीवर पडला, कपाळ फुटलं. पुढच्या बाजाराला पट्टी बांधून पुन्हा गेला.

उजव्या डोळ्यालाही आता फक्त उजेड आणि अंधार कळत होता.

आणि मग दुसरंच सुरू झालं. मला ते दुकानात कळलं. दोन बायका बोलत होत्या, "म्हस्कूचं डोळं सारजानं घेतलं. तिचा तळतळाट लागला. फिरंगी देशात बी एका गानाऱ्याचं असंच झाल्यालं, गुरुजीनं पुस्तकात वाचून दावलं."

मी ती गोष्ट एकट्या म्हस्कूतात्याला सांगितली होती. त्यानं भाबडेपणानं चार जणांना सांगितली असणार, आणि ती फिरून इथवर आली होती. आठ दिवसांत सारजाकडची भाजी कुणी घेईना. तिची सावली पडेल म्हणून लोक पोर उचलून घ्यायला लागले. शाळेत एका मुलीनं तिच्या भाचीशेजारी बसायला नकार दिला. मी वर्गात सांगितलं, शाप वगैरे काही नसतं. मुलं माझ्याकडं बघत राहिली. त्यांच्या घरी माझाच दाखला दिला जात होता.

म्हस्कूतात्यानं निदान एक ओळ रचली होती. मी तर नुसती पुस्तकातली कथा सांगितली, तीही त्याला बरं वाटावं म्हणून.

पंचावन्नच्या माघात बातमी आली की बारामतीच्या एका धर्मशाळेत डोळ्यांचं शिबिर भरणार, बाहेरून मोठे डॉक्टर येऊन मोतीबिंदू काढणार. मी धावत म्हस्कूतात्याकडं गेलो. तो नाही म्हणाला.

"चाकूनं डोळा आला तर माजी सुटका कशी म्हनायची? जे मी केलं त्येचं काय?"

"तात्या, डोळा हा डोळा आहे!"

"तुमीच सांगितलं नव्हं?"

धोंडाबाई रडली, भांडली. नाव द्यायची मुदत दोन दिवसांवर आली तरी तो हलेना. शेवटच्या दिवशी सकाळी मी त्याच्या ओट्यावर हताश होऊन बसलो होतो, तेव्हा सारजा आली. ओट्याखालीच उभी राहिली.

"तात्या, मी बोलती. सारजा."

तो उठून उभा राहिला.

"लोक म्हनत्यात मी तुमचं डोळं खाल्लं. माजी भाजी रानात सडायला लागली. मी तुमास्नी शाप दिला न्हाय. राग हाय मला, मरंपत्तोर ऱ्हाईल, पर शाप दिला न्हाय. आता तुमी असं आंधळं हिंडलात तर मी जलमभर चेटकीन. जावा, डोळं करून या. तुमच्यासाठी न्हाय."

म्हस्कूतात्यानं धोंडाबाईला हाक मारली आणि घोंगडी मागितली.

त्याच दिवशी आम्ही बैलगाडीनं बारामतीला निघालो. धर्मशाळेत ओळीनं सतरंज्या टाकल्या होत्या, साठ-सत्तर माणसं. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. डावा डोळा आतून खराब, त्याला हात लावण्यात अर्थ नाही. उजव्याचा मोतीबिंदू पिकलाय, तो काढू. मग ते म्हणाले, "काढल्यावर आठ दिवस उताणं पडायचं. मान हलवायची नाही. शिंकायचं नाही, खोकायचं नाही. जोर पडला तर डोळा गेला."

धोंडाबाईनं माझ्याकडं पाहिलं. म्हस्कूतात्याला तीस वर्षांचा तंबाखूचा खोकला होता.

ते आठ दिवस मी रजा काढून तिथं राहिलो. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. धोंडाबाई चमच्यानं पेज पाजायची आणि हात सतत त्याच्या छातीवर ठेवून बसायची. छाती जराशी भरून आली की तिला कळायचं. ती कोमट पाणी ओठाला लावायची आणि म्हणायची, "गिळा. गिळा त्येला." त्याच्या मानेच्या शिरा फुगायच्या, तोंड काळवंडायचं, आणि खोकला कसाबसा खाली जायचा. शेजारच्या सतरंजीवरच्या म्हाताऱ्याला तिसऱ्या दिवशी ठसका लागला. डॉक्टरांनी पट्टी सोडून बघितली, "डोळा गेला," म्हणाले आणि पुन्हा बांधली. म्हस्कूतात्यानं ते सगळं ऐकलं होतं.

"गुरुजी," तो ओठ न हलवता म्हणाला, "ह्यो डोळा गेला तर लोक काय म्हनतील?"

"काही म्हणणार नाहीत."

"म्हनतील, डागदरला बी जमलं न्हाय, यवढा तिचा शाप."

मीही पहिल्या दिवसापासून तोच विचार करत होतो.

पाचव्या दिवशी दुपारी त्याला खरोखरचा खोकला आला. एकदाच. धोंडाबाईनं दोन्ही हातांनी त्याचं डोकं दाबून धरलं. संध्याकाळपर्यंत डॉक्टर दुसऱ्या खोलीत होते. आम्ही दोघंही एकमेकांकडं बघत नव्हतो. डॉक्टर आले, त्यांनी वाकून पाहिलं, बोटानं पट्टीची कड तपासली. "पाणी नाही आलेलं. बघू," म्हणाले. त्या 'बघू'वर आम्ही आणखी तीन दिवस काढले.

आठव्या दिवशी पट्टी सुटली. जाड भिंगाचा चष्मा नाकावर चढवला. म्हस्कूतात्या बराच वेळ पापणी मिटून राहिला. उघडायला त्याचं धाडस होत नव्हतं.

"उघडा की," धोंडाबाई म्हणाली.

त्यानं उघडली. तिच्याकडं पाहिलं. "क्येस पांडरं झालं की तुजं," तो म्हणाला. तिनं पदर तोंडावर घेतला.

त्याच आठवड्यात तो बाजारात गेला. या वेळी कुणाचा हात न धरता. भाजीबाजाराच्या मधोमध, सारजाच्या पाटीपासून जरा लांब उभा राहिला आणि ढोलाशिवाय जेवढा आवाज निघेल तेवढ्यानं म्हणाला, "बघा, मला दिसतंय. मोतीबिंदू व्हता, डागदरनं काढला. कुनाचा शाप न्हवता. आन गानं मी खोटं केलं व्हतं." मग पुढं जाऊन एका अनोळखी माणसाच्या पागोट्याचा रंग सांगितला, दुसऱ्याच्या तराजूत काय आहे ते सांगितलं. लोक जमले, हसले. पण हे हसणं वेगळं होतं. म्हाताऱ्या बायका त्याच्या चष्म्याला हात लावून बघत होत्या. त्यातलीच एक वळली आणि तिनं सारजाच्या पाटीतली वांगी दाबून पाहिली.

शापाचं बोलणं दोन-तीन महिन्यांत विरलं. गाणं विरायला जास्त दिवस लागले. छप्पन सालीही मी ते इंदापूरच्या रस्त्यावर एका गाडीवर ऐकलं. गाणाऱ्याला सारजा कोण हे माहीत नव्हतं. तो मला म्हणाला, "असंल कोनतरी बाई." मी गाडीमागून चालत राहिलो.

संभाजी पाटकरी परत आला नाही. सारजानं रान वाढवलं, द्राक्षाचे चार वेल लावून पाहिले, जोतीरामकडं गेली नाही. म्हस्कूतात्या दर रविवारी देवळापुढं यायचा, पण मागं बसायचा. नवीन पोरं ओवी म्हणायची, त्यांचं काही विसरलं तर तो हळूच शब्द पुरवायचा. त्यांनी कुणाचं नाव घातलं की विचारायचा, "बघितलं का तू?" पोरं त्याला कंटाळायची.

एकोणसाठ साली माझी बदली झाली. निघायच्या आधी त्याला भेटायला गेलो. तो मिरचीला खुरपत होता. एका डोळ्यानं, वाकून, प्रत्येक रोप बोटानं चाचपून. मी विचारलं, सारजा बोलते का कधी?

"न्हाय," तो म्हणाला. "बाजारात समूर आली तर बाजूनं जाती." थोडा वेळ खुरपलं आणि पुढं म्हणाला, "पर आता मान वर करून जाती."